क्षयरोगाच्या गोळ्या संपल्यानंतर : फोंड्यातील एका श्वसन-पुनर्वसन सेवेचे परीक्षण

गोव्यातील फोंडा शहरातल्या एका खासगी फिजिओथेरपी केंद्रात, क्षयरोगाचा उपचार पूर्ण करूनही ज्यांना दम लागतो अशा रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा श्वसन-पुनर्वसन कार्यक्रम, म्हणजे व्यायाम आणि कफ काढण्याच्या पद्धती शिकवणारा कार्यक्रम, चालतो. माझ्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे आमच्या दादांनी, तो यंदा पूर्ण केला. सत्तरी तालुक्यातून त्यांना घेऊन येणे बहुतेक वेळा माझ्याकडेच असल्यामुळे मला ही सेवा जवळून पाहता आली. पुढे तिच्या काही उणिवाही मांडायच्या असल्याने केंद्राचे नाव मी येथे देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो. सेवा उत्तम आहे आणि गरजू रुग्णाने ती जरूर घ्यावी. फक्त ती रुग्णाला शोधत जावी लागते, पदरचे पैसे मोडून घ्यावी लागते आणि बहुतेकांना तिच्याविषयी कळतच नाही, याचे मला फार वाईट वाटते. गोळ्यांचा शेवटचा डोस घेतला जातो त्याच आरोग्य केंद्रात ही सेवा सुरू व्हायला हवी.

आपल्याकडे क्षयरोग म्हटला की सारे लक्ष जंतूंवर असते, आणि ते स्वाभाविकही आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन औषधे, आणि शेवटी थुंकीत जंतू नाहीत असा अहवाल आला की रुग्ण बरा झाल्याची नोंद होते. जंतूंच्या दृष्टीने ती नोंद खरीच असते. पण जंतूंनी आणि त्यांच्याशी झुंजणाऱ्या शरीराने मिळून फुप्फुसाची जी मोडतोड केलेली असते, ती गोळ्यांनी भरून येत नाही. कुठे पोकळी राहते, कुठे व्रण आकसून फुप्फुसाचा तो भाग ओढला जातो, कुठे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. अशा रुंदावलेल्या नळ्यांत कफ पुढे सरकत नाही. गाळ साचलेल्या व्हाळात पाणी तुंबावे तसा तो तिथेच तुंबतो, त्यात वारंवार संसर्ग होतो, आणि माणूस ‘बरा’ होऊनही वर्षानुवर्षे खोकत राहतो.

हे काही मोजक्याच लोकांचे दुखणे आहे असे समजू नये. १९८० ते २०१९ या काळात क्षयरोग झालेल्यांपैकी सुमारे साडेपंधरा कोटी लोक २०२० साली जगात हयात होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. क्षयरोगामुळे माणसांच्या निरोगी आयुष्याची जी हानी होते, तिच्यातला जवळजवळ निम्मा वाटा उपचारानंतरच्या त्रासाचा आणि अकाली मृत्यूंचा असतो, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले. उपचार पूर्ण केलेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण इतर लोकांच्या सुमारे तिप्पट आढळते, असे २०१९ मधील एका विश्लेषणाने दाखवले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश येथे केवळ ‘क्षयरोगानंतर काय’ या प्रश्नासाठी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि २०२१ मध्ये तज्ज्ञांनी त्यासाठी निकष ठरवून दिले. त्यातला पहिलाच निकष असा आहे की उपचार संपताना प्रत्येक रुग्णाच्या फुप्फुसाची अवस्था तपासली गेली पाहिजे. दादांच्या वेळी तशी तपासणी झाली नाही, आणि ओळखीपाळखीच्या ज्या ज्या रुग्णांकडे मी चौकशी केली, त्यांच्यापैकी कोणाचीही झालेली नव्हती.

दादांनी आयुष्यभर खाणपट्ट्यात टिपर चालवला. खाणी बंद पडल्यावर काजूच्या हंगामात भट्टीवर कामाला जाऊ लागले. धूळ आणि धूर या दोन्हींशी त्यांच्या फुप्फुसाची गाठ पडलेली होतीच, त्यात क्षयरोगाची भर पडली. उपचार त्यांनी एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. पण त्यानंतर सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांसोबत चालता येईना. घरापासून देवळापर्यंत जाताना मध्येच एखाद्याच्या पडवीत बसावे लागे. सकाळी उठल्यावर तासभर खोकला आणि वाटीभर कफ, हे रोजचेच झाले.

याच काळात एक प्रसंग घडला. या सेवेचे महत्त्व त्यावरून कळते, म्हणून तो सांगतो. पावसाळ्यात खोकला वाढला, तेव्हा त्यांना एका खासगी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, जुन्या डागावर बोट ठेवले आणि क्षयरोग उलटला आहे असे सांगून सहा महिन्यांचा उपचार पुन्हा नव्याने सुरू केला. थुंकी तपासली नाही, जुना एक्स-रे मागून घेऊन शेजारी ठेवून पाहिला नाही. पुढे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवल्यावर तिथल्या डॉक्टरांनी थुंकीचे कल्चर, म्हणजे थुंकीतून जिवंत जंतू वाढतात का हे पाहण्याची चाचणी, करायला घेतले. या चाचणीचा अंतिम अहवाल यायला सहा आठवडे लागू शकतात. तो निगेटिव्ह आला आणि गोळ्या थांबल्या. तोपर्यंत दादांची भूक गेली होती, वजन उतरले होते आणि घरात सगळ्यांनी धास्ती घेतली होती.

एक्स-रेवरचा डाग आयुष्यभर राहू शकतो, हे प्रत्येक रुग्णाला उपचार संपताना स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि शेवटच्या एक्स-रेची प्रत त्याच्या हाती दिली पाहिजे. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या किंवा जहाजावर चढणाऱ्या गोव्यातील तरुणांना या डागाचा अर्थ फार लवकर कळतो, कारण वैद्यकीय तपासणीत त्यावरूनच त्यांना अडवले जाते. दुसरी गोष्ट क्षयरोगाच्या जलद चाचणीची. ट्रूनॅट हे जलद चाचणीचे यंत्र आपल्या वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचे आहे, २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, आणि गोमंतकीय म्हणून मला त्याचा अभिमानच आहे. पण या प्रकारच्या चाचण्या जंतूंचे जनुकीय अंश शोधतात. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांत मेलेल्या जंतूंचे अंशही सापडू शकतात, म्हणून अशा रुग्णांत कल्चरचा अहवाल अधिक विश्वासाचा ठरतो. शिवाय जुन्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी घर करू शकते. तिची लक्षणे हुबेहूब क्षयरोगासारखी असतात, मात्र तिचे औषध वेगळे आहे आणि ते महिनोन्‌महिने घ्यावे लागते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन त्या बुरशीविरोधी औषधाचा रक्तातील अंश खाली आणते, त्यामुळे अंदाजाने दोन्ही बाजूंनी औषधे देऊन भागत नाही.

आता मूळ सेवेकडे वळतो. गोमेकॉतूनच श्वसन-पुनर्वसनाची चिठ्ठी मिळाली होती. केंद्रात पहिल्या भेटीत व्यायाम झालाच नाही, सारा वेळ मोजमापात गेला, आणि मला तीच गोष्ट सर्वांत आवडली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने तरुण आहेत. त्यांनी आधी थुंकीचा कल्चर अहवाल पाहायला मागितला, आणि तो हाती आल्याशिवाय कोणालाही खोलीत इतरांसोबत व्यायामाला घेत नाही असे सांगितले. गेल्या महिनाभरात थुंकीतून रक्त पडले आहे का, हे विचारले. मग दम किती लागतो याची शून्य ते चार अशी श्रेणी ठरवली. दादांची श्रेणी तीन आली. म्हणजे सपाटीवर शंभरेक मीटर चालल्यावर थांबावे लागते.

त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाचे मोजमाप. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन, नळीत एका दमात सगळी हवा सोडायची. दादा पहिल्यांदा अर्ध्यातच खोकले, दुसऱ्यांदा ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटली. बाईंनी न कंटाळता त्यांना पुन्हा बसवले, ‘काका, अजून, अजून, अजून, थांबू नका’ असे म्हणत शेवटचा थेंबभर श्वास बाहेर काढून घेतला, आणि एकमेकांशी जुळणारे आलेख मिळाल्याशिवाय कागद छापला नाही. एकूण हवेचा किती हिस्सा पहिल्या सेकंदात बाहेर पडतो, यावरून नळ्या अरुंद झाल्या आहेत का हे कळते. हे गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी असेल तर अडथळा आहे असे ढोबळमानाने धरतात. दादांचे बरेच कमी होते, शिवाय एकूण हवाही कमी भरत होती. त्यांनी कधी विडी ओढली नव्हती, तरी अडथळा होता. क्षयरोग हे स्वतःच नळ्या अरुंद होण्याचे एक कारण आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच कोणीतरी समजावून सांगितली.

शेवटी सहा मिनिटांची चाल. बोटाला ऑक्सिमीटर लावून, जमिनीवर ठेवलेल्या दोन शंकूंमध्ये जितके चालता येईल तितके चालायचे. दम लागला तर थांबायची मुभा असते, पण घड्याळ थांबत नाही. दादा २९० मीटर चालले, मध्ये एकदा भिंतीला टेकले, आणि रक्तातील ऑक्सिजन ९६ टक्क्यांवरून ९० पर्यंत उतरला. सहा महिन्यांच्या उपचारात त्यांच्या थुंकीत काय आहे हे अनेकांनी पाहिले होते. त्यांना किती चालता येते हे त्या दिवशी पहिल्यांदा मोजले गेले.

पुढचे आठ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा केंद्रात आणि उरलेले दिवस घरी, असा क्रम होता. चालणे, पायरीवर चढणे-उतरणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पाण्याच्या बाटल्या हातात धरून खांद्याचे व्यायाम, हे सारे दम किती लागतो ते शून्य ते दहा अशा अंकांत विचारत विचारत वाढवले जाते. पण दादांच्या बाबतीत खरा फरक पडला तो कफ काढण्याच्या पद्धतीने. त्यांच्या डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील नळ्या रुंदावलेल्या आहेत, हे सीटी स्कॅनमध्ये दिसले होते. म्हणून त्यांना उजव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन निजायला शिकवले. आधी काही वेळ संथ श्वास, मग तीन-चार खोल श्वास आणि प्रत्येक वेळी क्षणभर थांबणे, मग तोंड उघडे ठेवून आरशावर वाफ धरावी तसा जोराचा उच्छ्वास. खोकायचे ते अगदी शेवटी, कफ वर आल्याची जाणीव झाल्यावर. पूर्वी ते तासभर खोकून बेजार व्हायचे, आता वीस मिनिटांत मोकळे होतात आणि दिवसभर त्यांना पुन्हा फारसे खोकावे लागत नाही. ज्याच्या फुप्फुसाचा वरचा भाग बिघडला आहे त्याला हीच क्रिया बसून करायची असते, कारण वरच्या भागातला कफ बसल्यावरच खाली उतरतो. म्हणून सीटी स्कॅनचा किंवा निदान एक्स-रेचा अहवाल न बघता सर्वांना एकच व्यायाम सांगणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचे जे प्लॅस्टिकचे उपकरण औषधांच्या दुकानांत सर्रास मिळते, ते दादांच्या घरीही धूळ खात होते. बाईंनी ते वापरायला हरकत नाही असे सांगितले, परंतु कफासाठी त्याचा भरवसा धरू नका, हेही सांगितले.

चढावर किंवा जिन्यावर दम लागला की ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, उठताना वा वाकताना श्वास रोखायचा नाही, आंघोळीला बसूनच अंगावर पाणी घ्यायचे, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी घरच्या दिनक्रमात नेऊन बसवल्या. एके दिवशी वहिनीही आल्या होत्या. बोलता बोलता कळले की दादांचा चहाचा पेला, ताट आणि तांब्या अजूनही घरात वेगळे ठेवले जातात. बाईंनी वहिनींना जवळ बसवले. क्षयरोग भांड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो, आणि दादांच्या थुंकीत आता जंतू नाहीत, हे त्यांनी कल्चरचा अहवाल समोर ठेवून, कसलाही दोष न देता सांगितले. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा दादांचा पेला मांडणीवर इतर पेल्यांत होता. क्षयरोगानंतर येणारे नैराश्य आणि एकटेपण यांवर या केंद्रात वेगळा समुपदेशक नाही, पण एवढे काम त्या बाईंनी केले आणि ते मोठे होते.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजमाप झाले. स्पायरोमेट्रीचे आकडे जवळजवळ तिथेच होते. चालण्याचे अंतर मात्र ३५५ मीटर झाले. या चाचणीत सुमारे ३० मीटरची वाढ रुग्णाला जाणवण्याजोगी मानतात, त्या हिशेबाने ही भरघोस म्हणावी लागेल. फुप्फुस सुधारणार नाही, त्या फुप्फुसानिशी जगण्याची ताकद वाढेल, असे केंद्राने पहिल्या दिवशीच सांगितले होते. ‘फुप्फुस पूर्ववत करून देतो’ अशा जाहिराती आपल्या अवतीभवती दिसत असताना हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

उणिवा आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. चालण्याच्या चाचणीसाठी ३० मीटरची मोकळी जागा लागते. या केंद्रातील बोळ त्याच्या निम्माच आहे. वारंवार वळावे लागल्याने अंतर कमी भरते, म्हणून तिथला आकडा त्याच जागेतल्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा, प्रमाणित तक्त्याशी किंवा दुसऱ्या रुग्णालयातील आकड्याशी नव्हे. ही गोष्ट अहवालावर छापलेली नाही, ती छापायला हवी. व्यायामाची खोली बंदिस्त आहे, खिडक्या पावसात लावून घेतात, आणि श्वासाच्या रुग्णांना जिथे जोरजोराने उच्छ्वास टाकायला सांगतात तिथे खेळती हवा नसणे मला मुळीच पटले नाही.

त्याहून गंभीर बाब रक्तातील साखरेची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत देशात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. मधुमेह असेल तर क्षयरोग उलटण्याचा आणि त्यातून मृत्यू येण्याचाही धोका वाढतो. असे असताना या कार्यक्रमात प्रवेश देताना साखर तपासल्याचा कागद मागत नाहीत, वजनाची नोंद पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच करतात, आणि आहाराविषयीचे मार्गदर्शन म्हणजे एक छापील पत्रक आहे. त्यातील पदार्थ आमच्या घरी कोणी खात नाही. पेज, बांगडा, चवळी, अंडी, शेंगदाणे अशा हाताशी असलेल्या अन्नातून प्रथिने कशी मिळवावीत, हे सांगणारे कोणी तरी तिथे असायला हवे. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचा विषयही आम्हीच काढला.

खर्चाचे म्हणाल तर एका सत्राचे ५०० रुपये होतात. क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेखाली मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे, पण ती उपचार चालू असेपर्यंतच. म्हणजे गोळ्या संपल्या की मदत थांबते, आणि पुनर्वसनाचा खर्च नेमका तेव्हा सुरू होतो. सत्तरीतल्या वाळपईहून फोंड्याला कदंबच्या सरकारी बसने येणे दम लागणाऱ्या माणसाला सोपे नाही. केंद्राच्या सकाळच्या वेळा बसच्या वेळांशी जुळत नाहीत. ज्याला घेऊन यायला घरचे माणूस आणि वाहन नाही, तो हा कार्यक्रम अर्ध्यावर सोडील, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. या सेवेला लागणारी साधने पाहिली तर एक स्पायरोमीटर, दोन शंकू, एक ऑक्सिमीटर, काही खुर्च्या आणि शिकलेला एक माणूस, एवढीच आहेत. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात हे सारे आठवड्यातून दोन दिवस उभे करणे सरकारला जड जाऊ नये. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या मार्गदर्शनानुसार उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाची पाहणी करायचीच असते. त्याच भेटीत नळीत फुंकून घेतले आणि सहा मिनिटे चालवले, तर दादांसारख्यांना विनाकारण पुन्हा गोळ्या खाव्या लागणार नाहीत, आणि ज्याचा रोग खरोखर उलटला आहे तोही वेळेत सापडेल.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी आधी छातीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घ्यावी. ताप, वजन उतरणे, रात्रीचा घाम किंवा वाढलेला खोकला असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून प्रथम थुंकी तपासून घ्यावी. थुंकीतून रक्त पडत असेल तर केंद्रात जाऊच नये. रक्त जास्त असेल तर रुग्णाला बिघडलेल्या फुप्फुसाच्या कुशीवर निजवून १०८ ला फोन करावा. जाताना उपचार पूर्ण केल्याचे कार्ड, कल्चरचा अहवाल, पहिला आणि शेवटचा असे दोन्ही एक्स-रे, आणि अलीकडची साखरेची तपासणी सोबत न्यावी. तिथे मागितली नाही तरी ती स्वतः होऊन दाखवावी, आणि आठ आठवडे संपताना सहा महिन्यांनंतरच्या मोजमापाची तारीख कार्डावर लिहूनच घ्यावी, कारण केंद्र ती आपण होऊन देत नाही.